लोरेनने दाखवलेली जागा

मी डायलिसिस सेंटरची नोकरी पाठदुखीमुळे सोडली, असं आमच्या घरात सगळे धरून चालतात. नवरा तसंच सांगतो, मुलगी तसंच सांगते. गणपतीला इथे परदेशात, आमच्या चँडलर गावच्या हॉलमध्ये कुणाची तरी सून खुर्ची घेऊन येते— "काकू, तुम्ही बसा, तुमच्या पाठीला त्रास होईल." मी बसते. माझ्या पाठीला काहीही झालेलं नाही.

खरं कारण आजपर्यंत कुणाच्याच कानावर गेलेलं नाही. तुम्हाला का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल. शेजारी बसलेल्या अनोळखी माणसाला कधीकधी आपण जे सांगतो ते घरी सांगत नाही— तसं काहीसं. नेमकं मलाही माहीत नाही.

सुरुवात लोरेनपासून करते. तिच्याबद्दल बोलायला मला अजूनही आवडतं, आणि हेही वाईटच आहे.

मुलगी कॉलेजला गेली आणि मी डायलिसिस टेक्निशियनचा कोर्स केला. पहिली नोकरी मिळाली ती चँडलरहून बरीच लांब, पूर्वेला डोंगरांकडे, तांब्याच्या खाणींच्या एका गावात. सव्वा तासाचा ड्राइव्ह. नवरा म्हणाला, कशाला? पण मला ती नोकरी हवी होती. इतकी वर्षं नवऱ्याच्या डिपेंडंट व्हिसावर, नोकरीची परवानगी नसताना, घरी बसून काढली होती मी. कुणाला तरी माझा उपयोग होतोय, हे मला बघायचं होतं.

आमचे अर्धेअधिक पेशंट जवळच्या रिझर्व्हेशनमधून, म्हणजे सरकारने इथल्या मूळ रहिवाशांना नेमून दिलेल्या जमिनीवरून यायचे— अपाची लोक. लोरेन त्यांच्यातली. सत्तरीची, बुटकी, रुंद चेहऱ्याची, शाळेत स्वयंपाकीण म्हणून निवृत्त झालेली. डायबेटिसने किडन्या घालवल्या होत्या आणि आता डोळे घालवत होता. तिला तिचा भाचा डॅरेल घेऊन यायचा. खाणीत ट्रक चालवायचा तो; चाळिशीचा, अवाढव्य, कमी बोलणारा. तिला खुर्चीत बसवायचा, गुडघ्यांवर तिची लाल गोधडी नीट पसरायचा आणि बाहेर गाडीत जाऊन झोपायचा. रात्रपाळी करून आलेला असायचा.

चार तास माणूस मशीनला बांधलेला असतो. बहुतेक जण झोपतात, नाहीतर टीव्ही बघतात. लोरेन बोलायची. तिला 'जयश्री' म्हणता यायचं नाही, म्हणून मी 'जे' झाले. मी तिला 'मावशी' शिकवलं. हा शब्द तिला फार आवडला. "म्हणजे आईची बहीण? मग बरोबर आहे. तुला कुणीतरी ओरडायला हवंच."

तिने मला तिच्या पणजोबांची गोष्ट सांगितली. एका दिवसात नाही— कित्येक महिने लागले. एखादा तुकडा सांगायची, मग आठ-पंधरा दिवस त्यावर एक शब्दही नाही. पणजोबांचं नाव ती घ्यायची नाही. गेलेल्या माणसाचं नाव घेतलं की त्याला हाक मारल्यासारखं होतं, असं तिच्या घरात मानायचे. ती त्यांना नुसतं 'तो म्हातारा' म्हणायची, आणि ते म्हणताना तिचा आवाज खाली यायचा.

हे डोंगर त्यांचे होते. आधी चांदी-तांबं शोधणारे आले, मग गुरंवाले, मग त्यांच्या राखणीला सैन्य. म्हाताऱ्याने सुरुवातीला बोलणी केली. नदीकाठची जमीन तुमचीच राहील, असा शब्द त्यांना मिळाला. मग त्याच नदीवर कुणीतरी कुंपण घातलं, आणि जाब विचारायला गेलेला त्यांचा भाऊ परत आला नाही. तिथून पुढे ते लढत राहिले— वर्षानुवर्षं, मूठभर माणसं घेऊन, बरोबर बायका, पोरं, म्हातारे. उन्हाळ्यात वर, थंडीत खाली, आणि मागे पलटण. "सैनिकांना ते स्वतःहून कधीच सापडले नाहीत," लोरेन सांगायची. "एकदासुद्धा नाही. दर वेळी कुणीतरी दाखवलं. शेवटी त्यांचा झरा दाखवला तोही आमच्यातल्याच एकाने."

त्या झऱ्यावर म्हाताऱ्याला गोळी लागली. पुढे उरलेल्यांना शरण जावं लागलं, आणि आगगाडीत भरून त्यांना देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, दमट समुद्राकाठी, कैदी म्हणून नेलं. तिथे किती तरी मेले. पण म्हातारा त्या गाडीत बसला नाही. तो डोंगरातच मेला होता, आणि त्याच्या माणसांनी त्याचा देह लपवला होता.

लपवायला का लागलं? मीही हेच विचारलं. लोरेन म्हणाली, "डोकं कापून नेलं असतं, जे. नेत होते. पेटीत घालून पूर्वेला पाठवत होते, कवटीची मोजमापं घ्यायला."

म्हणून बायकांनी डोंगराच्या एका उतारावर, वेगवेगळ्या ओढ्यांतून, ओच्यात भरभरून दगड आणले आणि असे टाकले की उतार नुसता उतारच दिसावा. लोरेनची आजी तेव्हा लहान मुलगी होती. तीही दगड आणत होती— बापासाठी. कैदेतून वाचलेली ती मोठी होऊन परत आली आणि तिने ती जागा फक्त आपल्या घरात सांगितली. एका पिढीत एकदोघांना. "त्याच्याकडून सगळं घेतलं," लोरेन म्हणाली. "जमीन घेतली, पाणी घेतलं, माणसं घेतली. पण तो स्वतः काही त्यांना मिळाला नाही. आम्ही जिंकलो ते एवढंच."

मी एकदा म्हणाले, आम्हीसुद्धा गोऱ्यांचं राज्य सोसलेलं आहे हो, मला समजतं. ती खो खो हसली, इतकी की मशीनचा अलार्म वाजला. "समजतं ना? आणि गाडी कुठे पार्क केलीस मग? माझ्याच जमिनीवर!"

मला ती आवडायची. ती मला आवडायची, हे मला सांगून ठेवायचं आहे— का, ते कळत नाही. त्याने काही कमी होत नाही. उलट वाढतंच.

एका वसंतात डॉक्टरांनी तिला सांगितलं की डोळे आता काही महिन्यांचे सोबती आहेत. तिला जाऊन ती जागा एकदा शेवटची बघायची होती. डॅरेलचा ट्रक गॅरेजमध्ये होता आणि खाणीतली सुट्टी रद्द झाली होती. तिने मला विचारलं नाही. मीच म्हणाले— रविवारी मी घेऊन जाते. पेशंटला स्वतःच्या गाडीतून न्यायचं नाही असा आमचा नियम होता, पण मी काही बोलले नाही आणि तीही बोलली नाही.

रस्ता मी सांगणार नाही. आता न सांगून काय उपयोग, असं तुम्ही म्हणाल. तरी नाही सांगणार.

एका कोरड्या ओढ्यापाशी तिने गाडी थांबवायला लावली. माझा दंड धरून थोडी चालली आणि उभी राहिली. समोर डोंगर होता, त्याचा एक उतार होता, आणि त्याच्यात बघण्यासारखं काहीही नव्हतं. दगड, काटेरी झुडपं. मी पुढे निघाले तशी तिने माझा हात घट्ट धरला. "इथवरच. जवळ जायचं नसतं. त्याला शांत पडू द्यायचं." पिशवीतून चिमूटभर पिवळी पूड काढून तिने चारही दिशांना सोडली आणि तिच्या भाषेत बराच वेळ काहीतरी पुटपुटत राहिली. मग डोळे पुसून म्हणाली, "आता डॅरेलला माहीत आहे, मला माहीत आहे आणि तुला. तू कुणाला आणू नकोस."

"नाही आणणार, मावशी," मी म्हणाले.

आणि मी तेव्हा मनापासून बोलत होते. हे पटेल का तुम्हाला?

त्याच वर्षी उन्हाळ्याच्या शेवटी माझे दीर पुण्याहून आले, मुलाला इथल्या युनिव्हर्सिटीत सोडायला. मिलिंद भाऊजींना गडकिल्ल्यांचं वेड. दर शनिवार-रविवार कुठला ना कुठला किल्ला, त्यांचा एक ग्रुप, व्हिडिओ काढतात, माहिती देतात, हजारो लोक बघतात. माणूस वाईट नाही. पण लग्न झाल्यापासून माझ्याशी बोलताना त्यांच्या आवाजात एक गंमत असते— वहिनींना काय कळतंय, अशी. मी अकोल्याची, ते पुण्याचे. तुम्हाला माहीत असेल हा सूर. नसेल तर बरंच आहे.

एका सकाळी चहा पिता पिता ते म्हणाले, "वहिनी, तुमच्या या देशात सगळं आहे हो, पण इतिहास नाही. मॉल आणि हायवे. एखादा माणूस सांगा मला, जो मूठभर लोक घेऊन डोंगरात लढला, मेला, पण हाती लागला नाही."

माझ्या तोंडून निघून गेलं, "आहे ना. मला माहीत आहे."

ते हसले. "तुम्हाला?"

त्या एका शब्दासाठी. बाकी काहीही कारण नव्हतं. कुणी माझा गळा धरला नव्हता, कुणी आमिष दाखवलं नव्हतं. 'तुम्हाला?'— एवढंच, आणि मी दुपारपर्यंत त्यांना सगळं सांगून टाकलं होतं. म्हाताऱ्याचं नावसुद्धा. लोरेनने ते कधी उच्चारलं नव्हतं. तिने सांगितलेल्या तुकड्यांवरून मी इंटरनेटवर शोधून काढलं होतं, फार पूर्वीच. दुसऱ्या दिवशी आम्ही तिथे होतो.

त्या ओढ्यापाशी आम्ही थांबलो नाही. भाऊजी चढले, मीही मागोमाग चढले. ते दगडांवर उभे राहिले, कॅमेरा समोर धरला आणि बोलू लागले. चांगलं बोलतात ते, मनापासून बोलतात. त्यांचा आवाजही भरून आला होता. मग म्हणाले, "वहिनी, या, एक फोटो होऊन जाऊ दे. तुमच्यामुळे हे कळलं." मी गेले. मी त्या दगडांवर उभी राहिले आणि हसले. तो फोटो मी डिलीट केला आहे, पण माझ्या चपलांखाली एक दगड हलला होता, ते मला आत्तासुद्धा तळपायाला जाणवतं.

"कुठे टाकू नका हं," मी गाडीत म्हणाले. ते म्हणाले, "छे हो." पुण्याला पोचल्यावर त्यांनी तो व्हिडिओ टाकला. बोलणं मराठीत, पण वर शीर्षक इंग्लिशमध्ये, जास्त लोकांनी बघावा म्हणून— अपाची योद्ध्याची गुप्त कबर, नावासकट. आणि खाली नकाशावरची जागा. मला समजलं तेव्हा मी फोन करून ओरडले. त्यांनी काढला, थोडे दुखावलेही. "वहिनी, लोकांना किती आवडला होता! मी त्यांचा सन्मानच केला ना?" पण तोवर इथल्या कुणीतरी तो उचलला होता. त्याच्याकडून दुसऱ्याने. अशा जागा शोधत हिंडणारे, जुन्या वस्तू विकणारे लोक असतात. मला हे माहीत नव्हतं. नाही— माहीत करून घ्यायचं नव्हतं.

थंडीत डॅरेल तिथे गेला, त्याच्या मावशीने पाठवलं म्हणून. उतार खणून ठेवला होता. दगड खालपर्यंत फेकलेले. खड्ड्यात काय होतं, काय नेलं, काय राहिलं, हे त्याने बघितलं असणार. सांगितलं फक्त लोरेनला. तिला तोपर्यंत दिसेनासं झालं होतं.

दुसऱ्या दिवशी ती आली. डॅरेलने गोधडी पसरली. त्याचे डोळे सुजलेले होते. तो बाहेर गेल्यावर मी सुया लावायला बसले. तिचा हात माझ्या हातात होता, उलटा, दंड माझ्याकडे. डोळ्यांनी दिसत नसल्यामुळे ती आता हात नुसता पुढे करायची, आणि बाकी सगळं माझ्यावर.

तिने शांतपणे सगळं सांगितलं. आवाज चढवला नाही. मग म्हणाली, "जे, मी एकदाच विचारते. तू कुणाला सांगितलंस?"

इथे मी खरं सांगू शकले असते. सुई माझ्या हातात होती, ती खाली ठेवून म्हणता आलं असतं— हो, मावशी, मी. त्याला किती वेळ लागतो? मी म्हणाले, "नाही. कुणालाच नाही."

एवढ्यावर थांबले असते तरी... नाही, त्यानेही काही झालं नसतं. पण मी थांबले नाही. ती गप्प होती आणि मला ती शांतता सहन होईना. मी म्हणाले, "मला बोलायचं नव्हतं, पण मागे एकदा मी डॅरेलला गावातल्या बारबाहेर बघितलं होतं. दोन गोरी मुलं होती बरोबर. त्यांच्या हातात नकाशा होता. तो प्यायलेला वाटला."

डॅरेल कित्येक वर्षं दारूला शिवला नव्हता. आधी प्यायचा, सोडली होती, आणि लोरेनला त्याच्या दुसऱ्या कुठल्याही गोष्टीचा नसेल इतका या सोडण्याचा अभिमान होता. हे मला तिनेच सांगितलं होतं. मला बाकीही खोटं बोलता आलं असतं. मी हेच निवडलं, कारण त्याच्या लोकांबद्दल हे लगेच खरं वाटतं. पेट्रोल पंपावर, दुकानात, आमच्या पार्ट्यांमध्ये लोक त्यांच्याबद्दल जे बोलतात, तेच मी उचललं आणि तिच्या घरात नेऊन ठेवलं. मी! जिला 'समजत' होतं.

"काल तो लहान पोरासारखा रडला," लोरेन हळू म्हणाली. "मला वाटलं दुःखाने." मग म्हणाली, "दर वेळी कुणीतरी दाखवतं." आणि हात पुन्हा पुढे केला. मी सुया लावल्या. पट्ट्या चिकटवल्या, मशीन सुरू केलं.

तिने डॅरेलला जाब विचारला नाही. तिच्या घरात तशी रीतच नव्हती— ज्याच्यावरून मन उडालं त्याच्याशी बोलणंच बंद. त्याला फक्त निरोप गेला की आता न्यायला येऊ नकोस. सेंटरची व्हॅन कधी यायची, कधी नाही. व्हॅन आली नाही की मी तिला आणायला जायचे. हो, मी. डॅरेलच्या जागी. ती माझ्या गाडीत बसायची आणि उतरताना म्हणायची, "देव तुझं भलं करो, पोरी." मी म्हणायचे, "त्यात काय, मावशी."

नोकरी जाईल, लायसन्स जाईल, नवरा काय म्हणेल— असलं सगळं मी तेव्हा स्वतःशी बोलत असायचे. ती कारणं नव्हती. तिने माझ्याकडे ज्या नजरेने बघायचं सोडलं नव्हतं— डोळे गेल्यावरही— ती मला हवी होती. तिच्या नजरेत चांगली राहण्यासाठी मी तिचा माणूस तिच्यापासून तोडला.

पावसाळी वादळं सुरू व्हायच्या सुमाराला तिने डॉक्टरांना सांगितलं की बास, आता डायलिसिस नको. आमच्याकडे पेशंटला तो हक्क असतो. मी तिच्या घरी गेले, पाया पडले, रडले. ती म्हणाली, "थकले मी, जे. कुणासाठी येऊ? घरात हाक मारायला कुणी नाही." त्या क्षणीसुद्धा मी बोलले नाही. एक वाक्य पुरलं असतं. तिने माझ्या केसांवरून हात फिरवला. मी फिरवू दिला.

थोड्याच दिवसांत ती गेली. झोपेत, असं म्हणाले.

तिची गोधडी सेंटरवर राहिली होती. ती न्यायला डॅरेल आला. तो बराच वाळला होता. मी कपाटातून गोधडी काढून दिली. त्याने ती छातीशी धरली आणि तसाच उभा राहिला, मोठा माणूस, कुठे बघावं ते न कळल्यासारखा.

"तुम्ही तिला शेवटपर्यंत आणत होता," तो म्हणाला. "थँक यू. मला करायचं होतं ते."

मी मान हलवली.

"तुम्हाला काही बोलली का ती? माझ्याबद्दल? शेवटचे महिने ती माझ्याशी बोललीच नाही. दारातून परत पाठवायची. मी काय केलं होतं, तेवढं तरी..." त्याने गोधडी आणखी आवळून धरली. "मला फक्त कळायला हवंय, मी काय केलं."

वेटिंग रूममध्ये दुसरं कुणी नव्हतं. तो माझ्याकडे बघत होता.

"नाही," मी म्हणाले. "काही बोलल्या नाहीत."

तो 'ओके' म्हणाला. पुन्हा एकदा थँक यू म्हणाला. मग गोधडी घेऊन गेला. त्यानंतर महिन्याभरात मी नोकरी सोडली.

आता तो दुसऱ्या राज्यात असतो, कुठल्याशा खाणीत, असं सेंटरमधल्या जुन्या मैत्रिणीकडून कळलं. एकटाच राहतो म्हणे. तो अजून विचार करत असेल, आपण काय केलं. गाडी चालवताना, जेवताना, मधेच. ते शेवटचे महिने मागे-पुढे करून बघत असेल, कधी काय बोललो, कुठे चुकलो. त्याला सापडणार नाही. त्याने काहीच केलं नव्हतं.